प्रश्न वाचकांचे : ऑनलाइन सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातले पडद्यामागचे काम

नोकरी-व्यवसायाविषयीच्या या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच क्षेत्राबद्दलची आहेत. मी स्वतः मुंबईत याच क्षेत्रात बरीच वर्षे काम केले असल्याने ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते. संख्याशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षे एका बँकेत अहवाल तयार करण्याचे काम केले. आता मुंबईतील एका ऑनलाइन सौंदर्यप्रसाधन विक्री कंपनीने मला ‘वेबसाइट ऑप्टिमायझेशन आणि पर्सनलायझेशन’ विभागात नोकरी देऊ केली आहे. बाबांचे म्हणणे असे, की बटणाचा रंग बदलण्यासाठी कोणी पगार देत असेल, तर ती नोकरी फार दिवस टिकायची नाही. या विभागात नेमके काय करावे लागते, माझ्या शिक्षणाचा उपयोग होईल का आणि काय शिकून घ्यावे?

उत्तर : आपल्या वडिलांची शंका रास्त आहे. बटणाचा रंग मीही बदलून पाहिला आहे आणि त्याने विक्रीत मोजण्याजोगा फरक पडला नाही, हेही मीच मोजून दाखवले आहे. बदल करणे सोपे असते. तो ग्राहकाच्या उपयोगी पडला की नाही, हे स्वतःची फसवणूक न करता ठरवणे अवघड असते. पगार त्या अवघड भागाचा मिळतो आणि आपले संख्याशास्त्र तिथेच रोज कामी येईल.

कामाचे दोन भाग पडतात. ऑप्टिमायझेशन म्हणजे संकेतस्थळाची किंवा ॲपची मांडणी सर्वांसाठी सुधारणे. शोधपट्टीत ‘काजळ’ हा शब्द देवनागरीत लिहिला किंवा रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिला तरी काजळच समोर यावे, लिपस्टिकच्या चाळीस छटांतून हवी ती छटा चटकन सापडावी, पैसे भरताना तोच पत्ता दोनदा विचारला जाऊ नये, अशी ही कामे आहेत. पर्सनलायझेशन म्हणजे त्याच दुकानाची मांडणी समोरच्या व्यक्तीनुसार बदलणे. नियमाने सनस्क्रीन लावणाऱ्या ग्राहकाची ५० ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपते, तेव्हा त्या सुमारास तीच ट्यूब पहिल्या पडद्यावर दिसली तर तिची शोधाशोध वाचते. लाल लिपस्टिक घेतलेल्या ग्राहकाला मात्र पुढचे पंधरा दिवस तीच लिपस्टिक दाखवत राहणे म्हणजे जागा वाया घालवणे, कारण एक लिपस्टिक कितीतरी महिने पुरते. जुलै महिन्यात मुंबईच्या पिनकोडवरून येणाऱ्याला पावसाघामात न पसरणारे काजळ वर दिसावे, हेही पर्सनलायझेशनच. ऐकताना हे सगळे ठोकताळे पटतात; पण पटणारे ठोकताळे निम्म्याहून अधिक वेळा खोटे ठरताना मी पाहिले आहेत, म्हणून प्रत्येकाची परीक्षा घ्यावी लागते.

त्या परीक्षेची रीत आपण महाविद्यालयात शिकलाच असाल. १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करताना, कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे दैवगतीने, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, ठरवण्याची शिस्त घालून दिली. कारण एरवी चांगल्या मातीचे श्रेय खताला जाते. एबी टेस्ट ही तीच शिस्त आहे. येणाऱ्या ग्राहकांची यादृच्छिक विभागणी करून एका गटाला जुने पान आणि दुसऱ्याला नवे पान दाखवायचे, एका व्यक्तीला प्रत्येक वेळी त्याच गटात ठेवायचे आणि शेवटी दोन्ही गटांची तुलना करायची. खताच्या जागी नवे पान आले, एवढाच फरक.

कशाची परीक्षा घ्यावी हे मात्र संख्याशास्त्र सांगत नाही. त्यासाठी माणसांशेजारी बसावे लागते. काही वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका शिक्षिकेच्या घरी, त्यांची परवानगी घेऊन, त्या फोनवर फाउंडेशनची छटा कशी निवडतात हे पाहत मी बसले होते. मॉडेलच्या फोटोंकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. त्या सरळ खाली अभिप्रायांपाशी गेल्या, ग्राहकांनी टाकलेले फोटो एकेक करून मोठे केले, मग पडद्याचा उजेड वाढवला आणि मनगटाची आतली बाजू फोनशेजारी धरून पाहिली. तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा उठून गॅलरीत गेल्या आणि दिवसाच्या उजेडात पुन्हा हात धरला. शेवटी ‘दुकानात जाऊनच बघते’ असे म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. आमच्या अहवालात या सगळ्याची नोंद एका ओळीची होती: उत्पादनाच्या पानावर सहा मिनिटे, कार्टमध्ये काही नाही.

त्यानंतर आम्ही ग्राहकांनी स्वतः टाकलेले फोटो पानाच्या तळातून वर आणले आणि ते त्वचेच्या वर्णानुसार निवडता येतील अशी सोय केली. वर्णाच्या वर्गवारीसाठी पूर्वी सर्रास फिट्झपॅट्रिक मोजपट्टी वापरत. पण १९७५ साली आलेली आणि पुढे सहा प्रकारांची झालेली ती पट्टी मुळात त्वचा उन्हाला कशी प्रतिसाद देते हे ठरवण्यासाठी होती, आणि आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ छटांमधले बारकावे तिच्यात मावत नाहीत. समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची मोजपट्टी गूगलने २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ती या कामाला अधिक जवळची आहे. आमच्या त्या चाचणीत एकूण ऑर्डरींची संख्या जवळजवळ हलली नाही. ‘छटा चुकीची निघाली’ अशा तक्रारी मात्र कमी झाल्या, आणि मला त्या निकालाचे मोल अधिक वाटते. कारण उघडलेले प्रसाधन आरोग्याच्या कारणाने बहुधा परत घेतले जात नाही आणि चुकलेल्या छटेचे पैसे ग्राहकाच्या खिशातून जातात.

काय शिकावे, याचे उत्तर थोडक्यात देते. एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या नोंदींतून हवी ती माहिती काढण्याची भाषा, चांगली यायला हवी, म्हणजे डेटासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागणार नाही. विश्लेषणासाठी पायथन किंवा आर यांपैकी एक संगणकीय भाषा पुरे. वेबपाने ज्यांत लिहिली जातात त्या एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट वाचता येण्याइतपत शिकाव्यात. चाचण्या चालवण्याची साधने तीन आठवड्यांत हाताखाली येतात, त्यांच्या प्रमाणपत्रांमागे धावू नये. अनेक जण ज्याच्यावर विसंबून होते ते गूगल ऑप्टिमाइझ ३० सप्टेंबर २०२३ रोजी बंद झाले आणि ज्यांनी केवळ ते साधन शिकले होते त्यांची पंचाईत झाली.

पानाच्या वेगाकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावे. आपण स्वतः सायंकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने फोन धरून उभ्या राहत असाल, तर हे वेगळे सांगायला नको. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असे गूगलचे मानक आहे. चाचणीचे साधन चुकीच्या रीतीने बसवले, की आधी जुने पान क्षणभर चमकते आणि मग नवे येते. याला आम्ही फ्लिकर म्हणतो. त्या एका चमकेने चांगली कल्पनाही हरते, आणि अहवालात मात्र कल्पनाच वाईट होती असे नोंदले जाते.

नोकरीच्या टिकाऊपणाबद्दल वडिलांना एवढे सांगावे, की सौंदर्यप्रसाधनांचा धंदा मुंबईला नवा नाही. लॅक्मे १९५२ साली टाटा उद्योगसमूहाने सुरू केली. फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये मुंबईतच नायका सुरू केली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ती शेअर बाजारात आली. पर्पल ही कंपनीही मुंबईचीच. रिलायन्सने एप्रिल २०२३ मध्ये टिरा आणली आणि तिचे पहिले दालन वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले. एकाच शहरात इतकी दुकाने एकमेकांशेजारी उभी आहेत, तेव्हा ग्राहक का थांबतो आणि का निघून जातो हे मोजून सांगणाऱ्या माणसांची गरज लवकर संपेल असे मला वाटत नाही. माझे मत विचाराल, तर ही नोकरी आपण घ्यावी.

प्रश्न : मी ठाण्याचा. दीड वर्षापासून याच प्रकारच्या विभागात काम करतो. आम्ही उत्पादनाच्या पानाची नवी मांडणी तपासायला लावली. तिसऱ्याच दिवशी साधनाने ९५ टक्के खात्रीने नवे पान जिंकल्याचे दाखवले. वरिष्ठ म्हणतात, चाचणी थांबवून नवे पान सर्वांना दाखवा. माझे मन तयार होत नाही. पण त्यांना काय सांगावे हे सुचत नाही.

उत्तर : तुमचे मन बरोबर सांगते आहे, आणि वरिष्ठांपुढे मांडायला आकडे आहेत.

समजा, सध्या तुमच्या पानावर येणाऱ्या १०० पैकी २ जण खरेदी करतात आणि नव्या पानामुळे हे प्रमाण २.२ टक्के होईल अशी आशा आहे. मूळ दोनच्या दहा टक्क्यांची ही वाढ विश्वासाने ओळखायची, म्हणजे ९५ टक्के खात्री आणि ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो १०० पैकी ८० वेळा पकडला जाणे) हे रूढ निकष धरायचे, तर प्रत्येक गटात सुमारे ८० हजार माणसे लागतात. दोन्ही गट मिळून १ लाख ६० हजार झाले. पानावर रोज २० हजार लोक येत असतील तर आठ दिवस हवेत. आणि आठवड्याचे वार सारखे मोजले जावेत म्हणून मी तिथे पूर्ण चौदा दिवस घेईन, कारण सोमवारी दुपारी कार्यालयातून पाहणारा ग्राहक आणि रविवारी रात्री निवांत पाहणारा ग्राहक यांचे वागणे एकसारखे नसते. हा हिशेब चाचणी सुरू होण्यापूर्वी करून, तारीख लिहून, वरिष्ठांची सही घेऊन ठेवायचा असतो. एकदा आकडे हलू लागले, की कोणाचाच हात धरवत नाही.

दुसरी गोष्ट डोकावण्याची. ९५ टक्के खात्रीचा अर्थ असा, की दोन पानांत काहीही फरक नसताना १०० पैकी ५ वेळा खोटा विजय दिसेल. परंतु हे फक्त शेवटी एकदाच निकाल पाहिला तर खरे आहे. वाटेत समान अंतराने पाच वेळा निकाल पाहिला आणि जिंकल्याचे दिसताच थांबायचे ठरवले, तर खोट्या विजयाची शक्यता ५ वरून साधारण १४ टक्क्यांवर जाते. दहा वेळा पाहिला तर १९ टक्क्यांच्या पुढे. तुमचे वरिष्ठ दिवसातून किती वेळा डॅशबोर्ड उघडतात, हे तुम्ही जाणताच. मधूनमधून निकाल पाहायचाच असेल तर त्यासाठी बेतलेल्या क्रमवार चाचणीच्या पद्धती आहेत, त्यांत पहिल्या फेऱ्यांचा निकष फार कडक ठेवतात. पण तीही गोष्ट आधीच ठरवावी लागते.

मी एका कंपनीत असताना आमची एक चाचणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली. पगार नुकते झालेले, सेल चालू, आणि चौथ्या दिवशी नवे पान भरघोस जिंकले. सगळ्या विभागात पेढे वाटले गेले. मी त्या वेळी थांबा म्हणायला हवे होते आणि म्हटले नाही. नवे पान सर्वांना दिल्यावर महिनाभरात विक्रीत त्या वाढीचा मागमूसही दिसला नाही, आणि पुढचे सहा महिने आमच्या कोणत्याही अहवालावर वित्त विभागाने विश्वास ठेवला नाही. ते त्यांचे बरोबरच होते.

आणखी एक तपासणी आजच करून टाका. दोन्ही गटांची विभागणी निम्मी-निम्मी असेल तर गटांतील माणसांची संख्या जवळजवळ सारखी असायला हवी. एका गटात ८० हजार आणि दुसऱ्यात साडेसत्त्याहत्तर हजार असे दिसले, तर अडीच हजारांचा तो फरक किरकोळ वाटेल. पण योगायोगाने इतका फरक पडण्याची शक्यता नसल्यातच जमा आहे, कारण एवढ्या संख्येला योगायोगाची नेहमीची झेप चारशेच्या आसपास असते. अशा वेळी कुठेतरी माणसे गळत आहेत, बहुधा नवे पान उशिरा उघडते आहे आणि अधीर ग्राहक मोजले जाण्याआधीच निघून जात आहेत. मग उरलेल्या चिकाटीच्या ग्राहकांमुळे नवे पान जिंकल्यासारखे दिसते. असे आढळले तर निकाल कितीही गोड असला तरी ती चाचणी रद्द समजावी आणि दोष दुरुस्त करून नव्याने लावावी. वरिष्ठांना हे सांगताना ‘नाही’ म्हणू नका. ‘अमुक तारखेला पक्के सांगतो’ असे म्हणा आणि ती तारीख पाळा.

प्रश्न : मी मुलुंडची गृहिणी आहे. केस गळत होते म्हणून एकदा सौंदर्यप्रसाधनांच्या एका ॲपवर औषधी तेल आणि सीरम शोधले. तेव्हापासून ॲप उघडले की पहिल्यांदा टक्कल आणि केसगळतीच दिसते. सासूबाईंच्या हातात फोन असतानाही तेच. माझी पंधरा वर्षांची मुलगी माझ्याच फोनवरून लिप बाम घेते, आणि तिला आता ‘ब्राइटनिंग’ क्रीम दिसू लागल्या आहेत. तिचा वर्ण सावळा आहे. हे ठरवून केले जाते का?

उत्तर : ताई, आपले पत्र मी कार्यालयात वाचून दाखवले. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की बहुतेक वेळा ते कोणी ठरवून करत नाही, आणि म्हणूनच ते अडवण्याची जबाबदारी आमच्यावर येते.

शिफारस करणारी यंत्रणा पूर्वीच्या ग्राहकांच्या खरेदीतले साहचर्य शोधते: अमुक वस्तू घेणाऱ्यांनी तमुक वस्तूही घेतली. गडद छटेची पावडर किंवा फाउंडेशन घेणाऱ्यांपैकी काहींनी वर्ण उजळवण्याची क्रीमही घेतली असेल, तर यंत्रणा ते नाते उचलते आणि पुढच्या प्रत्येक सावळ्या मुलीसमोर ती क्रीम ठेवते. सावळ्या वर्णाची माणसे कमी यशस्वी किंवा दुःखी दाखवू नयेत, असे जाहिरात मानक परिषदेचे मार्गदर्शक नियम २०१४ पासून आहेत आणि फेअर अँड लव्हली या क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातला ‘फेअर’ शब्दही काढला. तरीही एखाद्या मुलीच्या पडद्यावर रोज तीच वस्तू आली, तर एकही शब्द न लिहिता तिला तेच सांगितले जाते. मी जिथे काम केले तिथे हे नाते आम्ही हाताने तोडले: वर्ण उजळवण्याची उत्पादने जिने स्वतः शोधली तिलाच दिसतील, शिफारशीत कोणालाही नाहीत. विक्री थोडी कमी होईल अशी भीती व्यक्त झाली होती. व्हायची तर होवो, असे मी तेव्हा म्हटले आणि आजही म्हणेन.

केसगळती, गर्भारपण, मासिक पाळी, खासगी स्वच्छता हे विषय पहिल्या पडद्यावर आणू नयेत, हाही आमच्या कामातला साधा विवेक आहे. फोन घरातल्या चार हातांतून फिरतो, हे मुंबईतल्या माणसाला सांगावे लागू नये. अशी खरेदी ‘माझ्या ऑर्डरी’ या पानातच राहावी.

मुलीच्या बाबतीत कायदाही आपल्या बाजूने आहे. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते, आणि बालकांच्या वागण्यावर पाळत ठेवणे किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना या कायद्यात मनाई आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांना तयारीसाठी टप्प्याटप्प्याने मुदत दिली आहे. मात्र आपल्या खात्यावरून मुलगी खरेदी करते तेव्हा ॲपच्या दृष्टीने ती आपणच असता, हे लक्षात घ्यावे. तूर्त ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलेल्या वस्तूंचा आणि शोधाचा इतिहास पुसून टाकावा, सूचना बंद कराव्यात, आणि शिफारशी बंद करण्याची सोय दिसत नसेल तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीला त्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावाच लागतो. आपल्यासारख्यांची पत्रे आमच्या विभागापर्यंत पोहोचतात, तेव्हा अहवालातल्या आकड्यांनी न झालेले बदल होतात.

प्रश्न : विलेपार्ल्याहून लिहितो आहे. ‘फक्त २ शिल्लक, त्वरा करा’ अशी ओळ प्रत्येक लिपस्टिकखाली टाकून चाचणी लावण्यास मला सांगितले आहे. ही चाचणी जिंकेल यात शंका नाही. लावावी का?

उत्तर : गोदामात खरोखर दोनच असतील तर लावावी, नसतील तर लावू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा प्रकारच्या मांडण्या नोंदवल्या आहेत, आणि खोटी निकड हा त्यांतलाच एक प्रकार आहे. न मागता टोपलीत वस्तू सरकवणे आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला खजील करणे हेही त्याच यादीत आहेत. ‘टेस्टच तर होती’ हा बचाव चालणार नाही, कारण चाचणीतल्या निम्म्या ग्राहकांनी ती ओळ खरी मानून पैसे भरलेले असतील. वरिष्ठांसमोर पर्याय ठेवा: ओळ थेट साठ्याच्या नोंदीला जोडायची, साठा ठरावीक संख्येखाली गेला तरच ती दिसेल आणि माल आला की आपोआप निघेल. तशी चाचणी जरूर लावा. ओळीतली संख्या कोणत्या गोदामातली आहे आणि किती वेळाने ताजी होते, हे चाचणीच्या नोंदीत पहिल्याच परिच्छेदात लिहून ठेवा.